आधी थुंबा, मग श्रीहरिकोटा

माझ्या बाबांनी वालचंदनगरच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी टर्नर म्हणून. साखर कारखान्यांची यंत्रं करणाऱ्या त्या कारखान्यात पुढे इस्रोच्या रॉकेटची केसिंगही होऊ लागली. केसिंग म्हणजे घन इंधन ज्यात भरतात ते पोलादी नळकांडं. पीएसएलव्ही आणि जीएसएलव्ही या उपग्रह नेणाऱ्या रॉकेटांच्या मधल्या मोटारीचं, म्हणजे इंधन जाळून रॉकेट ढकलणाऱ्या भागाचं, केसिंग २.८ मीटर व्यासाचं असतं आणि ते तुकड्यातुकड्यांनी जोडतात. त्या तुकड्यांच्या कडा जिथे एकमेकींत बसतात तिथलं काम बाबांच्या हातून गेलेलं आहे. घरी ते याबद्दल फारसं बोलत नसत. फक्त टीव्हीवर उड्डाण लागलं की हातातलं काम टाकून उभे राहायचे, आणि पहिली मोटार विझेपर्यंत बसायचे नाहीत.

२९ जानेवारी २०२५ ला जीएसएलव्ही-एफ१५ उडणार होतं. श्रीहरिकोट्याहून होणारं ते शंभरावं उड्डाण. बाबा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. म्हटलं, आता नाही तर कधी. पण नुसतं श्रीहरिकोटा गाठून धूर पाहून परत यायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं. जिथे हे सगळं सुरू झालं त्या केरळातल्या थुंब्याला आधी जायचं आणि मग श्रीहरिकोट्याला. हा क्रम मी आता प्रत्येकाला सांगते. रॉकेट आकाशात दिसतं ते जेमतेम काही मिनिटं. त्या मिनिटांत काय पाहायचं हे थुंब्याला जाऊन आल्यावरच कळतं.

पनवेलहून नेत्रावती एक्सप्रेस धरली. कोकण रेल्वेने केरळात उतरत जाणारी ही गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिरुवनंतपुरमला पोचते. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर खालचे बर्थ मिळतील इतकं आधी आरक्षण करा. प्रवास लांबचा आहे, पण विमानापेक्षा मला तोच बरा वाटला, कारण बाबा वाटेत बोलते झाले.

थुंबा हे शहराच्या उत्तरेला, समुद्रालगत. पूर्वी ते कोळ्यांचं लहानसं गाव होतं. आज तिथे विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचा विस्तार आहे आणि त्याच्या आत सेंट मेरी मॅग्डलीन चर्च उभं आहे. तेच आता अंतराळ संग्रहालय आहे. शहरातून रिक्षा किंवा टॅक्सी करून जाता येतं. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ हवं, झेरॉक्सवर भागवू नका. फोन-कॅमेऱ्याबद्दल प्रवेशद्वारावर जे सांगतील ते निमूट ऐकायचं, कारण ही चालू संस्था आहे, पर्यटनस्थळ नाही. सुट्टीचे दिवस आणि वेळा केंद्राच्या संकेतस्थळावर निघण्यापूर्वी पाहून घ्या. आम्ही मुद्दाम शुक्रवारी, २४ तारखेला गेलो, कारण पुढचा रविवार म्हणजे २६ जानेवारी होता.

थुंबाच का, याचं उत्तर जमिनीवर दिसत नाही. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त या गावाजवळून जातं. त्याच्या वर सुमारे शंभर किलोमीटरवर विजेचा एक जोरदार प्रवाह वाहतो. त्याचा अभ्यास करायचा तर फुगा तितका वर जात नाही आणि उपग्रह तितका खाली टिकत नाही. मधल्या पट्ट्यात चार-पाच मिनिटं डोकावून येणारं साउंडिंग रॉकेटच लागतं. भारताचा अंतराळ कार्यक्रम सुरू करणाऱ्या विक्रम साराभाईंना म्हणूनच हा किनारा हवा होता. जागेच्या शोधात त्यांच्यासोबत एकनाथ चिटणीस होते, आपल्या कोल्हापूरचे.

जागा सापडली, पण तिथे चर्च होतं, बिशपांचं घर होतं, कोळ्यांची वस्ती होती. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. रविवारच्या प्रार्थनेला या, म्हणाले. आणि त्या प्रार्थनेत त्यांनी जमलेल्या लोकांनाच विचारलं की विज्ञानाच्या कामासाठी आपण आपलं देऊळ आणि घरं द्यायची का. लोक हो म्हणाले. ही हकिगत अब्दुल कलाम आयुष्यभर सांगत राहिले. मी ती शाळेत असताना ऐकली होती, पण त्या चर्चच्या उंच छताखाली उभं राहिल्यावर तिचं वजन वेगळंच जाणवतं. आपलं देवघर उचलून दुसरीकडे न्यायला तयार झालेली ती माणसं होती. एखादा राष्ट्रीय प्रकल्प उभा राहतो तेव्हा त्याच्या नेत्यांची नावं राहतात. या गावकऱ्यांची नावं मला तरी कुणी सांगितली नाहीत.

चर्चमध्ये कार्यालय आलं, बिशपांच्या घरातही काम सुरू झालं, गुरांच्या गोठ्यात प्रयोगशाळा थाटली गेली. रॉकेटचे भाग सायकलवरून नेतानाचा तो प्रसिद्ध फोटो इथलाच. (बैलगाडीचा फोटो मात्र इथला नाही. तो १९८१ चा, ॲपल उपग्रहाच्या चाचणीचा आहे. दोन्ही फोटो एकत्र फिरतात आणि गरिबीची गोष्ट म्हणून सांगितले जातात. बैलगाडीला खरं कारण होतं. अँटेनाच्या चाचणीसाठी उपग्रहाखाली लोखंडी गाडी नको होती.)

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी इथून पहिलं रॉकेट उडालं. ते अमेरिकेने दिलेलं नायके-अपाची होतं, त्यातला सोडियमच्या वाफेचा प्रयोग फ्रान्सचा होता, आणि जुळणी करणारे हात आपले होते. रॉकेट लाँचरवर चढवायच्या वेळी क्रेनच्या हायड्रॉलिकमध्ये गळती झाली, तेव्हा माणसांनी अंगबळाने ते जागेवर बसवलं. बाबांना ही गोष्ट माहीत नव्हती. मी सांगितल्यावर ते नुसतं हसले आणि म्हणाले, "अगं, ऑइल सील गेलं की दुसरं काय करणार? खांदाच लावायचा."

संग्रहालयात घाई करू नका. बहुतेक लोक मोठ्या रॉकेटांच्या प्रतिकृतींपाशी फोटो काढून निघतात. तुम्ही सुरुवातीच्या काळाचे फोटो आणि साउंडिंग रॉकेटं नीट पाहा. त्यांची नावं वाचायची खूण सोपी आहे: आरएच-७५ म्हणजे रोहिणी, व्यास ७५ मिलिमीटर. पंच्याहत्तर मिलिमीटर! हाताच्या पंजात मावेल एवढी नळी. १९६७ च्या नोव्हेंबरात ही आपली स्वतःची पहिली रॉकेटं उडाली. बाबांनी बोटं पसरून मला व्यास दाखवला, मग दोन्ही हात पूर्ण फाकवून म्हणाले, "आणि आमचं केसिंग यापेक्षाही मोठं." त्या दोन मापांच्या मधली वर्षं म्हणजे इस्रोचा इतिहास.

एक कामाची गोष्ट. थुंब्याहून आजही आरएच-२०० साउंडिंग रॉकेटं सोडतात. साधारणतः महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी उड्डाण असतं आणि आधी नोंदणी केल्यास सामान्य माणसांनाही ते पाहायची सोय आहे. आमचा बुधवार हुकला. तुमच्या तारखा हातात असतील तर तुम्ही तो नक्की गाठा. आरएच-२०० ने नोव्हेंबर २०२२ मध्ये सलग दोनशे यशस्वी उड्डाणं पूर्ण केली. या लहान रॉकेटांच्या बातम्या होत नाहीत, पण पुढच्या पिढ्यांचे हात याच कामावर तयार झाले.

दुसऱ्या दिवशी कोवळमला गेलो. समुद्रासाठी नव्हे, हॅल्सियन कॅसलसाठी. थुंब्याची कामं पाहायला आलेले साराभाई ३० डिसेंबर १९७१ ला तिथे झोपेतच गेले. वय अवघं बावन्न. त्यांच्या मृत्यूच्या वेळी भारताचा एकही उपग्रह अवकाशात नव्हता, स्वतःचा उपग्रह सोडू शकेल असं रॉकेट नव्हतं. होती ती माणसं आणि कागदावरची आखणी. बाहेरूनच इमारत पाहिली आणि बाबांना घेऊन सावलीत बसले.

इथून पुढच्या नेतृत्वाची गोष्ट मला साराभाईंइतकीच मोलाची वाटते. काही महिने एम. जी. के. मेनन यांनी धुरा सांभाळली आणि मग सतीश धवन आले. त्यांना बोलावणं गेलं तेव्हा ते अमेरिकेत, कॅल्टेक या विद्यापीठात होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचं संचालकपद सोडणार नाही आणि अंतराळ कार्यक्रमाचं मुख्यालय बंगळूरला असेल, या अटींवर त्यांनी काम घेतलं. १९७२ मध्ये अंतराळ आयोग आणि अंतराळ विभाग झाले. तेव्हापासून इस्रोचा अध्यक्ष हाच विभागाचा सचिव आणि आयोगाचाही अध्यक्ष असतो, आणि हा विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत येतो. ही मांडणी रुक्ष वाटेल, पण तिचा अर्थ साधा आहे. ज्याला रॉकेट कळतं, त्याच्याच हातात फाइल. यू. आर. राव आर्यभट्टाच्या उपग्रहकामातून आले, माधवन नायर रॉकेटमधून, किरण कुमार कॅमेरे आणि संवेदकांमधून. शंभराव्या उड्डाणाआधी दोनच आठवडे, जानेवारीच्या मध्यात, व्ही. नारायणन अध्यक्ष झाले. त्यांची हयात द्रव इंधनाच्या आणि क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड करून द्रव केलेल्या वायूंवर चालणाऱ्या, इंजिनांच्या कामात गेली.

आणि आपली माणसं? वसंतराव गोवारीकर पुण्याचे म्हणून आपल्याला ओळखीचे, मान्सूनच्या अंदाजामुळे जास्तच. पण घन इंधनाचं मोठं काम त्यांचं, आणि १९७९ ते १९८५ या काळात थुंब्याच्या केंद्राचे संचालक तेच होते. त्याच केंद्राचे पुढे संचालक झालेले प्रमोद काळेही पुण्याचे, पहिल्या तुकडीतले. चिटणीस अहमदाबादला उपयोजन केंद्राचे संचालक झाले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे २४०० खेड्यांत दूरदर्शन पोचवणारा साइट प्रयोग त्यांनी सांभाळला. मराठी शाळांच्या सहली थुंब्याला आल्या तर शिक्षकांनी ही तीन नावं जरूर सांगावीत.

तिरुवनंतपुरमहून दुपारची चेन्नई मेल धरली की सकाळी चेन्नई. तिथून सुल्लुरपेट्टाला जायला चेन्नई सेंट्रलला लागून असलेल्या मूर मार्केट संकुलातून लोकल सुटतात. दोन-अडीच तास धरा. सुल्लुरपेट्टा हे श्रीहरिकोट्याच्या तोंडाशी असलेलं गाव. आंध्रात आहे, तेलुगू चालते, तमिळही चालते, हिंदीवर निभावतं. लॉज मोजके आहेत आणि उड्डाणाच्या आदल्या दोन रात्री भरलेले असतात. नाही मिळालं तर नायडूपेटा, गुडूर किंवा सरळ चेन्नईला राहा आणि गाडी ठरवून या. आम्हाला एका लॉजमध्ये वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. जिना चढताना बाबांचे गुडघे बोलले. ज्येष्ठांसाठी तळमजला मागून घ्या, आणि तो फोनवर आधीच पक्का करा.

आता पासाचं. श्रीहरिकोट्याची लाँच व्ह्यू गॅलरी २०१९ पासून लोकांसाठी खुली आहे. प्रवेश मोफत, पण ऑनलाइन नोंदणी हवीच. नोंदणी उड्डाणाच्या थोडेच दिवस आधी उघडते आणि जागा भराभर संपतात. त्यामुळे रेल्वेची तिकिटं आधी आणि पास नंतर, असा उलटा जुगार खेळावा लागतो. आमची नोंदणी उघडली तेव्हा आम्ही प्रवासात, आणि गाडीत नेटवर्कचा भरवसा नाही. माझ्या भावाने पुण्यात संगणकासमोर बसून दोन पास काढले. तुम्हीही तेच करा. सगळ्यांची नावं, जन्मतारखा, ओळखपत्रांचे क्रमांक एका कागदावर लिहून घरी विश्वासू माणसाकडे ठेवा. पासाची छापील प्रत आणि ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला तेच मूळ ओळखपत्र, या दोन गोष्टींशिवाय सुल्लुरपेट्टा सोडू नका.

आणि हे नीट लक्षात घ्या: उड्डाण पुढे जाऊ शकतं. हवामान, एखादं मापन, एखादी झडप, काहीही कारण पुरतं, आणि ते थांबवणं हेच योग्य असतं. परतीच्या तिकिटात निदान दोन दिवसांची मोकळीक ठेवा. मुलांना आधीच समजावून न्या.

साडेसत्तावीस तासांची उलटी गणती २८ तारखेच्या पहाटे सुरू झाली. तो दिवस आम्ही पुलिकतसाठी ठेवला होता. सुल्लुरपेट्टाहून श्रीहरिकोट्याला जाणारा रस्ता पुलिकत सरोवरातून जातो. दोन्ही बाजूंना खारं, उथळ पाणी. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात. दुरून पाण्यावर गुलाबी रेघ ओढल्यासारखी दिसते आणि मग ती रेघ हलू लागते. जवळच नेलपट्टूचं अभयारण्य आहे, तिथे झोळीवाले पेलिकन घरटी करतात. सतीश धवन या पक्ष्यांकडे तासन्‌तास पाहत. ते मुळात वायुगतिकीचे माणूस, त्यांनी पक्ष्यांच्या उड्डाणावर पुस्तकही लिहिलं. २००२ मध्ये श्रीहरिकोट्याच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. ते पाणी आणि ते पक्षी पाहिल्यावर हे नाव तिथे किती शोभतं ते समजतं. दुर्बीण असेल तर या दिवसासाठी आणा.

श्रीहरिकोटाच का, याचंही उत्तर भूगोलात आहे. पूर्वेला मोकळा बंगालचा उपसागर, त्यामुळे विझलेल्या टाक्या समुद्रात पडतात. आणि पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्याने पूर्वेला सोडलेल्या रॉकेटला सेकंदाला साडेचारशे मीटरच्या आसपास वेग आयता मिळतो. दक्षिणेकडे, ध्रुवीय कक्षेत जायचं असेल तर मात्र श्रीलंका वाटेत येते आणि रॉकेटला वळसा घ्यावा लागतो, त्यात इंधन जातं. लहान रॉकेटला तो वळसा फार महाग पडतो. म्हणून तमिळनाडूत कुलशेखरपट्टिनमला दुसरं तळ उभं राहत आहे, त्याची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. श्रीहरिकोट्यातच तिसऱ्या लाँच पॅडलाही जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, खर्च ३९८४ कोटींच्या वर. बेटावर पूर्वीपासून यानादी आदिवासींची वस्ती होती. थुंब्याच्या कोळ्यांसारखीच त्यांचीही जमीन या कामाखाली आहे, हे जाणाऱ्याने मनात ठेवावं.

२९ ची पहाट. अडीचला निघालो. ती पौषातली अमावास्या होती, पाण्यावर मिट्ट काळोख, आणि आग्नेयेला वृश्चिकेतली ज्येष्ठा लालसर लुकलुकत होती. रस्त्यावर गाड्यांची रांग होती, तपासणी होती, पण लोक शांत होते. एवढ्या पहाटे कडेवर पोरं घेऊन आलेली कुटुंबं मी क्वचितच पाहिली आहेत. गॅलरी म्हणजे स्टेडियमसारख्या उघड्या पायऱ्या. समोर झाडी, झाडीपलीकडे लाँच पॅड, आणि मोठे पडदे. पायऱ्या थंड असतात, बसायला जाड काहीतरी आणि ज्येष्ठांना शाल हवी. दुपारचं उड्डाण असेल तर याच्या उलट: टोपी, पाणी, आणि ऊन सोसायची तयारी. आत गेल्यावर आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवा, शेवटच्या अर्ध्या तासात जागा सोडवत नाही.

शेवटची मिनिटं सगळे एकत्र मोजतात. ६ वाजून २३ मिनिटं. बाबा अर्थातच उभे होते.

जीएसएलव्हीत आधी बाजूच्या चार द्रव मोटारी पेटतात. त्यांची विकास इंजिनं विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार होतात, आणि विकास हे नावही विक्रम अंबालाल साराभाई या नावाच्या आद्याक्षरांतून आल्याचं सांगतात. चार-पाच सेकंदांनी, चारही नीट चालू आहेत अशी खात्री झाली की मग मधली घन मोटार पेटते, एस-१३९. घन मोटार एकदा पेटली की विझवता येत नाही, म्हणून हा क्रम. झाडीमागे आधी उजेड फुटला. पांढरा नव्हे, पिवळट सोनेरी, डोळ्यांना खुपणारा. रॉकेट झाडांच्या वर आलं तरी आवाज नव्हता. हजारो माणसं श्वास रोखून उभी आणि ते निःशब्द वर चढतंय. मग आवाज आला. तो कानाला आधी लागतच नाही, छातीला लागतो. कोरडा, तडतडणारा, हवेच्या चिंध्या होत असल्यासारखा. सूर्य अजून क्षितिजाखाली होता, पण वर गेलेल्या धुराला तो दिसत होता. धुराची वरची टोकं केशरी झाली आणि खालचा भाग राखाडीच राहिला.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात मुठीत होता आणि अंगठा तर्जनीवर घासत होता. मायक्रोमीटर फिरवताना करतात तसा.

"हे आमचंच असेल असं नाही," ते नंतर म्हणाले. "एल अँड टीवालेही करतात. पण कड तीच असते. एकात एक बसते, मध्ये रिंग, वरून पिना. केसिंगच्या पोटात हजारो अंशांची आग आणि त्या कडेतून ज्वाळा बाहेर येता कामा नये." मी विचारलं, त्या केसिंगचं पुढे काय होतं? मधली मोटार आधी विझते, बाजूच्या चार अजून चालूच असतात, त्यामुळे रिकामं केसिंग तसंच काही वेळ वर ओढलं जातं आणि मग सगळं मिळून समुद्रात पडतं. हे त्यांना पाठ होतं. "जातं समुद्रात," इतकंच म्हणाले.

उड्डाण पाहताना फोन खाली ठेवा. मी पहिले दहा सेकंद चित्रीकरणात घालवले आणि त्यात फक्त पुढच्या माणसाचं डोकं आलं आहे. नासक्या चित्रणासाठी खरा उजेड सोडू नका. रॉकेट दिसेनासं झाल्यावर अर्धे लोक उठून गाड्यांकडे पळतात. तुम्ही बसून राहा. साधारण एकोणीस मिनिटांनी उपग्रह सुटा होतो, तोवर पडद्यावर सगळं दिसतं, आणि खरं काम तेच असतं. शिवाय पळून उपयोग नाही, सरोवरावरून रस्ता एकच आहे आणि तो तुंबतोच. आम्ही एनव्हीएस-०२ हा दिशादर्शनाचा उपग्रह वेगळा झाल्याची घोषणा ऐकली, टाळ्या वाजवल्या, शेजारच्या अनोळखी कुटुंबाने दिलेले पेढे खाल्ले. वरचा क्रायोजेनिक टप्पा चोख चालला होता. हेच तंत्र देण्याचा करार रशियाने नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या दबावाखाली मोडला, स्वतः केलेलं इंजिन २०१० च्या एप्रिलमध्ये अपयशी ठरलं आणि २०१४ च्या जानेवारीत यशस्वी झालं. पडद्यावर नारायणन बोलत होते, ज्यांनी या इंजिनांवर उमेदीची वर्षं घातली.

बंगळूरला आम्ही उतरलो नाही. मुख्यालय हे कार्यालय आहे, बाहेरून पाहण्यासारखं काही नाही. अहमदाबादला जाणं होत असेल तर तिथलं साराभाईंच्या नावाचं अंतराळ प्रदर्शन पाहा, शाळकरी मुलांना ते थुंब्याइतकंच आवडेल.

घरी आलो आणि २ फेब्रुवारीला बातमी आली. उपग्रहाला अंतिम कक्षेकडे नेणारी इंजिनं पेटवता आली नाहीत, कारण त्यांना ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जळायला लागणारं रसायन, पुरवणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत. इस्रोने स्वतः हे जाहीर केलं. रॉकेटने आपलं काम अचूक केलं होतं, उपग्रहाची प्रकृतीही ठीक होती, पण तो लंबवर्तुळाकार कक्षेतच अडकला.

मला ते सहन होईना. बाबांनी मात्र मला १९७९ ची आठवण दिली. १० ऑगस्टला श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ पहिल्यांदा उडालं, आज ज्यांना शंभर म्हणून मोजतात त्यातलं ते पहिलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणातली एक झडप धुळीमुळे उघडीच राहिली, ॲसिड गळून गेलं आणि रॉकेट समुद्रात पडलं. प्रकल्पाचे प्रमुख कलाम होते. पत्रकारांसमोर मात्र धवन स्वतः गेले आणि अपयश त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. पुढच्या वर्षी १८ जुलैला ३५ किलोचा रोहिणी कक्षेत पोचला, तेव्हा त्यांनी कलामांना सांगितलं, आज पत्रकारांशी तुम्ही बोला.

"तेव्हा एक उघडी राहिली," बाबा म्हणाले, "आता एक उघडली नाही. झडप आहे ती. खोलतील, बघतील."

मग त्यांनी दोघांच्या आधार कार्डांचे क्रमांक वहीत स्वच्छ अक्षरात लिहून काढले आणि ती वही माझ्या भावाकडे पाठवायला सांगितली, पुढच्या नोंदणीसाठी.